बाटलीपुरती लोकशाही

एका चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं छापलेली असतात, एक उभी आणि एक आडवी. दुकान चालू राहावं असं ज्याला वाटतं तो उभ्या बाटलीवर शिक्का मारतो, बंद व्हावं असं वाटतं तो आडव्या. महाराष्ट्रात गावोगावी बायकांनी बाटली आडवी केल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत, त्यामुळे हा प्रकार खेड्यातलाच अशी समजूत आहे. प्रत्यक्षात सरकारचा 2008 सालचा आदेश नगरपालिका-महापालिकांच्या प्रभागांनाही लागू आहे. एकूण मतदारांपैकी किंवा निव्वळ महिला मतदारांपैकी किमान 25 टक्क्यांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, अधिकाऱ्यांनी त्या सह्या पडताळायच्या, मग गुप्त मतदान घ्यायचं. निवेदन बायकांचं असेल तर कौलही बायकांचाच. यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी बाटली आडवी केली की दुकानाला टाळं. तिथे आमदाराची शिफारस लागत नाही, सभागृहाचा ठराव लागत नाही. शहरातल्या मतदाराला एका नेमक्या प्रश्नावर उत्तर विचारलं जातं आणि ते उत्तर सरकारला बांधून घेतं, असा दुसरा हक्क आपल्या पालिका कायद्यांत शोधून सापडत नाही. रस्ता, पाणी, कचरा, मैदान, कर्ज, हद्द, यांतल्या कशावरही नाही. फक्त दारूचं दुकान.

15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो. इतर शहरांत बहुतेक ठिकाणी मतदारापुढे अ, ब, क, ड अशा चार जागा होत्या आणि प्रत्येकीसाठी एक अशी चार बटणं दाबायची होती. चारही दाबून झाल्याशिवाय मत पुरं होत नाही. या चार बटणांसाठी लोकांनी किती वाट पाहिली हे आठवून पाहावं. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली होती. छत्रपती संभाजीनगरची तर एप्रिल 2020 मध्येच. मुदत संपण्याआधी निवडणूक उरकलीच पाहिजे असं घटनेचं 243-यू हे कलम सांगतं. तरीही प्रशासक बसले, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात लोंबकळत राहिला, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर गाडी हलली. दरम्यान 2025-26 चा 74,427 कोटी रुपयांचा मुंबईचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाविना मंजूर झाला. एवढं सगळं होऊन निवडणूक आली तेव्हा राज्यभरात साठाहून अधिक नगरसेवक बिनविरोध निवडून आले, म्हणजे तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी ‘नोटा’चं बटणसुद्धा मिळालं नाही. निवडणुका वेळेवर व्हाव्यात, बिनविरोधचे सौदे थांबावेत, ही मागणी रास्तच आहे आणि ती सगळे करतात. पण समजा, उद्या सगळ्या निवडणुका अगदी घड्याळ लावून झाल्या, तरी मतदाराला विचारला जाणारा प्रश्न ‘कोण’ एवढाच राहील. शहराने काही निवडक, मोठ्या आणि मागे न फिरवता येणाऱ्या निर्णयांवर ‘काय’ हा प्रश्नही थेट मतदाराला विचारावा, आणि तो पालिका निवडणुकीच्याच दिवशी विचारावा, असं माझं म्हणणं आहे.

याची सर्वांत उघड गरज मतदानाच्या पद्धतीतच दिसते. मुंबई सोडून इतर महापालिकांत 2002 साली तीन सदस्यांचा प्रभाग होता. 2007 ला एकाचा झाला, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा. पुढे महाविकास आघाडीने आधी एकसदस्यीय प्रभागाचा कायदा केला, 2021 मध्ये तोच बदलून तिघांचा प्रभाग आणला, आणि 2022 मध्ये सत्तांतर होताच नव्या सरकारने पुन्हा चौघांवर गाडी नेली. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांतून, याचाही असाच झोका 2016, 2020 आणि 2022 मध्ये इकडून तिकडे गेला. प्रत्येक वेळी कारणं दिली गेली, आणि प्रत्येक वेळी ती कारणं सत्तेवरच्या पक्षाच्या सोयीशी तंतोतंत जुळली. हा योगायोग आहे असं मानायला फारच निरागस मन लागेल. पुण्यात आता 165 नगरसेवकांसाठी 41 प्रभाग आहेत. एका प्रभागाची वस्ती एखाद्या तालुक्याच्या गावाला मागे टाकते. गटार तुंबलं तर चौघांपैकी कोणाला धरायचं हे रहिवाशाला कळत नाही, आणि चौघांनाही ते कळून घ्यायचं नसतं. अपक्षाला किंवा छोट्या पक्षाला एवढ्या पसाऱ्यात घरोघर पोचणं परवडत नाही. मतं कोणत्या साच्यात मोजायची हे ज्याला त्या मतांनी निवडून यायचं आहे त्यानेच ठरवायचं, हा हितसंबंधांचा इतका ढळढळीत संघर्ष आहे की एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेतसुद्धा त्यावर कोणी तरी हात वर केला असता.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथेही शेवटी एका विभागातून अनेक सदस्यच आले, म्हणून हे उदाहरण आपल्याला जवळचं. 1913 पासून तिथे पाच जणांचं एक मंडळ शहर चालवत होतं. सगळे अख्ख्या शहरातून निवडून येत आणि एकेक खातं सांभाळत. दहा वर्षांतून एकदा वीस नागरिकांची समिती शहराच्या सनदेचा फेरविचार करते. वीसपैकी पंधरा जणांचं एखाद्या बदलावर एकमत झालं तर तो नगरमंडळाच्या हातात न जाता सरळ मतपत्रिकेवर जातो. नोव्हेंबर 2022 मध्ये तसंच झालं आणि बदल मंजूर झाला. शहराचे चार विभाग झाले, प्रत्येकातून तीन सदस्य. पण मतदाराला तीन स्वतंत्र मतं नाहीत. तो उमेदवारांना पसंतीक्रम देतो, आणि ज्याला पाव हिश्शाहून थोडी जास्त मतं मिळतील तो निवडून येतो. त्यामुळे विभागात तीस टक्के पाठिंबा असलेल्या गटाला तीनपैकी एक जागा मिळते. आपल्याकडे चार जागांच्या चार वेगळ्या लढती होतात. त्यामुळे चाळीस टक्क्यांचं पॅनेल चारही जागा घेऊन जाऊ शकतं आणि उरलेल्या साठ टक्क्यांच्या हाती भोपळा येतो. प्रभाग बहुसदस्यीय दोन्हीकडे आहे, हिशेब मात्र उलटा आहे. पोर्टलंडच्या नव्या मंडळाचा कारभार फार गोड सुरू झाला असंही नाही. बारा जणांत सहा-सहा अशी फाळणी होऊन अध्यक्ष निवडायलाच मतदानाच्या नऊ फेऱ्या लागल्या. पण त्या गोंधळाचा दोष कोणाला द्यायचा हे तिथल्या लोकांना माहीत आहे. पद्धत त्यांनी स्वतः निवडली होती, नको वाटली तर बदलायचा मार्गही त्यांच्याच हाताशी आहे.

मतदानच होत नाही असं मुंबईत म्हणता येत नाही. 2024 च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीवर मतदान झालं. सार्वजनिक मालकीची ही जमीन टर्फ क्लबकडे भाडेपट्ट्याने होती आणि पट्टा 2013 सालीच संपला होता. त्यातली 120 एकर उद्यानासाठी सोडायची आणि उरलेल्या जागेचा पट्टा वाढवून घ्यायचा, असा प्रस्ताव होता. त्यावर क्लबच्या सभासदांनी मतं दिली: 540 बाजूने, 168 विरोधात. सव्वा कोटीच्या शहरातल्या सगळ्यांत मोठ्या मोकळ्या जागांपैकी एकीवर सातशेआठ माणसांचा कौल घेतला गेला. ही माणसं कोण, तर जागेचे भाडेकरू. क्लबचं यात काही चुकलं नाही, आपल्या सभासदांना विचारणं हे त्याचं कामच होतं. मालकांना विचारायची व्यवस्था मात्र कोणत्याच कायद्यात नव्हती. हाच मुंबईकर स्वतःच्या इमारतीच्या पुनर्विकासाला संमती देतो तेव्हा 51 टक्के सभासदांचा होकार असल्याशिवाय बिल्डरला कुदळ मारता येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनातही रहिवाशांच्या संमतीचा आकडा लागतो. चारशे चौरस फुटांवर ज्याची सही कायद्याने मोलाची ठरते, त्याला शंभर एकरांवर मत असू शकतं ही कल्पना आपल्याला परकी का वाटावी?

हद्दीचंही तेच. पुण्यात 2017 मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी तेवीस. पहिल्या खेपेतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेर काढली गेली आणि 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आत घेताना विचारलं नाही, बाहेर काढतानाही मतपेटी नव्हती. मोर्चे, निवेदनं, मंत्रालयातल्या बैठका यांवरच सगळं ठरलं. याउलट, ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर न्यूयॉर्कमध्ये विलीन करायचं की नाही यावर 1894 साली मतदान झालं. सव्वा लाखाहून अधिक मतांत विलीनीकरणाची बाजू अवघ्या 277 मतांनी जिंकली. कौल सल्ल्यापुरताच होता, तरी किती माणसं कोणत्या बाजूला आहेत हे सगळ्यांना दिसलं. मोर्चातल्या गर्दीवरून ते कधीच दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: प्रतिनिधी कशासाठी निवडायचे मग? प्रश्न आपणच सोडवायचे तर नगरसेवकाला मानधन का द्यायचं? याचं उत्तर आपल्या शेजारीच घडून गेलं आहे, आणि मराठी माणसाला ते थोडं टोचणारं आहे. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला होता. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं विलीनीकरण हेच मुख्य कलम होतं. ते लोकांनी नाकारलं. आणि दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये विधानसभा निवडणूक झाली तेव्हा त्याच लोकांनी त्याच पक्षाला तीसपैकी सोळा जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. यात विसंगती काहीच नव्हती. बहुजन समाजाला बांदोडकर हवे होते, विलीनीकरणावर मात्र गोव्याचं उत्तर नाही असं होतं. निव्वळ निवडणुकीवर भागवलं असतं तर बांदोडकरांचा विजय म्हणजे विलीनीकरणाचा कौल, असंच सगळ्यांनी धरलं असतं, आणि ते साफ चुकलं असतं. एका मतात शेकडो प्रश्नांचं गाठोडं बांधलेलं असतं. प्रभागातला माणूस चांगला आहे म्हणून मी त्याला मत दिलं, याचा अर्थ पुढच्या पाच वर्षांत त्याचा पक्ष मैदान कोणाला देईल त्यालाही मी होकार भरला, असा लावला जातो. गोव्यातल्या मतदाराने हे गाठोडं सोडून दाखवलं. विलीनीकरणाच्या बाजूने तेव्हा महाराष्ट्रात केवढा उत्साह होता! पण कौलानंतर तो विषय मिटला. प्रतिनिधींच्या ठरावाने तो इतका मिटला असता असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांना विचारलं तर लोक स्वतःचा खिसा बघतील. कॅलिफोर्नियाने 1978 साली हेच सिद्ध केलं. प्रस्ताव क्रमांक 13 वर राज्यातल्या मतदारांनी घरपट्टी मूल्याच्या एक टक्क्यावर अडवली आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही असं राज्यघटनेतच घालून टाकलं. परिणामी एकाच गल्लीत तीस वर्षांपूर्वी घर घेतलेला माणूस आणि कालचा खरेदीदार यांच्या करात आकाशपाताळाचं अंतर पडलं, आणि शहरं-शाळा राज्याच्या तिजोरीकडे बघत बसल्या. हे नुकसान खरं आहे. म्हणून कराचे दर मतपेटीत जाऊ नयेत असंच मीही म्हणेन. पण हा मोह फक्त मतदाराचा असतो हे मान्य नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची मालमत्ता कराची माफी 1 जानेवारी 2022 ला जाहीर झाली, पालिकेची मुदत संपायला दोन महिने उरले असताना. हे 2017 च्या निवडणुकीतलं वचन होतं. त्यावर कोणतंही जनमत घेतलेलं नव्हतं, निवडून आलेल्यांनी निवडून यायला म्हणूनच ते केलं. उदारपणा गाठोड्यात बांधून आला की त्याची किंमत कोणी विचारत नाही. ‘ही माफी द्यायची असेल तर एवढ्या कोटींची कामं कापावी लागतील, चालेल का?’ असा सुटा प्रश्न समोर आला असता तर निदान आकडा तरी चर्चेत आला असता.

तिसऱ्या आक्षेपापुढे मी मान तुकवतो. बहुमताला विचारायचे नसतात असे प्रश्न असतात. स्वित्झर्लंडमध्ये 2009 साली मतदानाने मशिदींच्या मिनारांवर बंदी आली. आपल्या शहरांत ही सोय झाली की पहिल्याच वर्षी कोणी मांसविक्रीवर प्रश्न आणील, कोणी प्रार्थनास्थळांवर, कोणी फेरीवाल्यांवर, कोणी परप्रांतीयांवर. ही भीती काल्पनिक नाही. गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर तिची रंगीत तालीम रोज चालते. म्हणून कोणाचा धर्म, जात, भाषा, आहार, पोटापाण्याचा व्यवसाय किंवा राहण्याचा हक्क ज्याने बाधित होईल असा प्रश्न मतपत्रिकेवर येताच कामा नये, आणि ही चाळणी पालिकेने न लावता राज्य निवडणूक आयोगाने लावावी, तिच्यावर उच्च न्यायालयात दाद मागता यावी. अशी चाळणी लावल्यावर उरतं काय? ठरावीक रकमेच्या वरचं कर्ज, सार्वजनिक जमीन दीर्घ मुदतीने देणं, आरक्षित मैदानाचा वापर बदलणं, हद्द, आणि प्रभागपद्धती. यादी आखूड आहे, आणि आखूडच असावी. कॅलिफोर्नियातल्या शहरांत मतदाराच्या हातात पुस्तकाएवढी माहितीपत्रिका येते, तसलं काही इथे आणू नये.

लोक मतदानाला येणारच नाहीत, हे चौथं. पॅरिसने 2 एप्रिल 2023 ला भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर ठेवायच्या की हटवायच्या हे विचारलं. 89 टक्के मतं हटवण्याच्या बाजूने पडली, पण मतदान जेमतेम साडेसात टक्के. एवढ्याशा लोकांनी सगळ्या शहराचा निर्णय करावा हे हास्यास्पद आहे. त्यावरचा उपाय साधा आहे, स्वतंत्र दिवस ठेवायचाच नाही. पालिका निवडणुकीच्याच दिवशी, त्याच केंद्रावर, एक बटण जास्त. इथे बाटलीच्या नियमाकडे परत जावंसं वाटतं. त्यात निम्म्याहून अधिक हवेत ते झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या मतदारांच्या. म्हणजे जी बाई त्या दिवशी माहेरी गेली, जिचं नाव दुबार आहे, जी वारली पण यादीतून गेली नाही, त्या सगळ्यांचं मत दुकानदाराच्या पदरात. हीच फूटपट्टी नगरसेवकाला लावून पाहा. 2012 साली मुंबईत एकूण मतदानच 45 टक्क्यांच्या आत होतं. त्या नियमाने सभागृहाच्या बहुतेक सगळ्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. ‘प्रभाग’ म्हणजे निवडणुकीचाच प्रभाग धरला तर पुण्यासारख्या शहरात आज एक दुकान मतदानापर्यंत न्यायलाच बायकांच्या दहा-एक हजार सह्या गोळा कराव्या लागतील. नगरसेवकाला उमेदवारी अर्जावर सूचक-अनुमोदक मिळाले की पुरतं. ज्या राज्यात माणूस निवडणं इतकं सोपं आणि दुकान बंद करणं इतकं अवघड आहे, तिथे लोकांना विचारलं तर कारभार ठप्प होईल ही काळजी जरा लांबचीच म्हणायची.

प्रश्न कोण लिहिणार, ही शंका मात्र मला स्वतःला शेवटपर्यंत छळते. ‘शहराच्या विकासासाठी प्रस्तावित आधुनिक प्रकल्पास आपली संमती आहे काय?’ असं विचारलं की उत्तर आधीच ठरलं. बाटलीच्या चिठ्ठीचं शहाणपण इथेच आहे. तिच्यावर विशेषणं नाहीत, एकही वाक्य नाही. जमीन असेल तर सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, मुदत आणि कोणाला, एवढंच मतपत्रिकेवर असावं. कर्ज असेल तर रक्कम, व्याज आणि फेडीचं शेवटचं वर्ष. दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच पानावर, सारख्याच ओळींत, मतदार चिठ्ठीसोबत घरी यावं. लोक असं काही वाचत नाहीत, हे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा 2015 चा विकास आराखडा आठवावा. त्या किचकट नकाशांवर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि मुख्यमंत्र्यांना तो आराखडा मागे घेऊन नव्याने करायला सांगावं लागलं. आपल्या गल्लीवरून पिवळी रेघ कुठून गेली हे लोकांनी शोधून काढलं होतं. हरकत नोंदवणं म्हणजे अर्ज करणं. तो ऐकायचा की नाही हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर. एवढी मेहनत घेणाऱ्याला अर्जदार म्हणून रांगेत उभं करण्याऐवजी मतदार म्हणून विचारायला काही अवघड नव्हतं.

यासाठी घटनादुरुस्ती करण्याची गरज मला दिसत नाही. मुंबईचा 1888 चा महापालिका कायदा आणि इतर शहरांचा 1949 चा, हे दोन्ही विधिमंडळाच्या हातातले कायदे आहेत. प्रभागात माणसं किती, हे ठरवायला यांतल्या 1949 च्या कायद्याला 2019 ते 2022 या काळात तीनदा हात लावून झाला आहे.